माय म्हणाली, नको

पाद्री थ्रेल वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. वाईट असते तर केझायाचे काम सोपे झाले असते. शिशाच्या खाणीत राबून ज्यांचे हात लुळे पडत त्यांच्या घरी हिवाळाभर रस्सा पाठवणारे तेच, आणि कुणाचे घर बर्फात अडकले तर गुडघाभर बर्फातून तिथे पोचणारेही तेच. हॉक्सलो गावच्या चढावर कुणालाही विचारले असते तरी 'देवमाणूस' हेच उत्तर मिळाले असते. देवमाणसाला एक खोड होती. ते कविता करत.

केंब्रिजहून ते इथे आले तेव्हा तरुण होते, आणि दोन-चार वर्षांत कवी म्हणून नाव झाले की लंडनला निघून जायचे असा त्यांचा बेत होता. धबधब्यांवर एक आणि चांदण्यावर एक अशी दोन पुस्तके त्यांनी पदरमोड करून छापली. त्यांचे गठ्ठे पाद्रीबंगल्यातल्या धुण्याच्या खोलीत रचून ठेवले होते. उंदीर सोडले तर त्या कवितांना कुणी तोंड लावले नाही. केझाया दर सोमवारी तिथे धुणे धुवायला जाई, आणि इस्त्री जास्त तापली की त्याच गठ्ठ्यातले एखादे पान घेऊन त्यावर फिरवून बघे.

पुढे पाद्रीबाबांच्या ध्यानात आले की चांदण्याला कुणी विचारत नसले तरी देवाला विचारणारे पुष्कळ आहेत. मग ते चर्चमध्ये गायची गीते लिहू लागले. डोक्यात ओळ आली की त्यांची उजव्या हाताची बोटे मांडीवर मात्रा मोजू लागत आणि पेन्सिल शर्टाच्या बाहीवर चाले. लग्नात, बारशाला, उघड्या कबरीच्या काठावर, कुठेही. सोमवारी केझाया त्या बाह्या घासून काढी. छापील अक्षर तिला लावता येई, हाताचे येत नसे. म्हणून काय लिहिले होते ते तिला कधी कळले नाही.

माडीवरच्या मंडळींशी मात्र पाद्रीबाबांचे पटत नसे. चर्चच्या मागच्या माडीवर गावातलेच दहा-पंधरा जण गात आणि वाजवत. त्यांचा म्होरक्या केझायाचा नवरा जॉब बंटिंग. गुडघ्यांत धरून वाजवायचे मोठे व्हायोलिन त्याच्याकडे बापाकडून आले होते, बापाकडे आजाकडून. या मंडळींच्या काही जुन्या चाली होत्या, गावात त्यांना 'पळत्या चाली' म्हणत. आधी पोरींनी सुरुवात करायची, त्यांच्या मागे बायकांनी पळत यायचे, मग तरुण पोरांनी, आणि शेवटी खर्जातल्या पुरुषांनी. शेपटीवर पाय देत सगळे एकमेकांच्या मागे. आणि पळापळ पुरी होईपर्यंत अर्धीच ओळ पुन्हा पुन्हा घोळवायची. शब्दांचे काय होते याची त्या चालींना फिकीर नव्हती. एकदा पाद्रीबाबांनी मोठ्या हौसेने लिहिलेली 'देव भक्ताला मारील हाक' ही ओळ माडीने पळत्या चालीत घेतली, आणि 'देव भक्ताला मारील, देव भक्ताला मारील' असे चारही बाजूंनी सुरू झाले. खाली बसलेल्या म्हाताऱ्या मार्था ऑलसॉपने शेजारणीला विचारले, "का गं? काय केलं त्यानं?" अर्धे चर्च तोंडात रुमाल कोंबून बसले. त्या दिवसापासून पाद्रीबाबांनी जॉबला बजावले होते की माझी गीते सरळ चालीत गायची, नाहीतर गायचीच नाहीत.

हे सगळे फीबी होती तेव्हाचे.

फीबी जॉबची आणि केझायाची एकुलती एक. सहा वर्षांची होती, पुढचा एक दात पडलेला, त्या फटीतून शीळ घालायची. पानगळीत गावात घटसर्प आला. दोन घरांतली पोरे बचावली, हिच्या घशात मात्र तो कातड्यासारखा वाढत गेला. शेवटच्या दुपारी जॉब खाणीत होता. पाद्रीबाबा आले, टोपी काढून स्टुलावर बसले. फीबी आईच्या मांडीवर होती, पण मांडीवर मावत नव्हती. कमानीसारखी वाकून उसळत होती. श्वास ओढायची तेव्हा लाकडावर करवत चालावी तसा आवाज येई. तिने आईच्या मानेत नखे रुतवली होती. ओठ निळे पडून दातांवरून मागे गेले होते. केझाया ओरडत होती, "नको! नको! नको!" दुसरा शब्द तिच्या तोंडात नव्हता. पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "केझाया, त्याची इच्छा आहे, म्हण 'तुझी इच्छा'," आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो हात असा झटकला की त्यांची अंगठी भिंतीवर आपटली. "नको!" ती म्हणाली. आणि पोर मेले.

तेव्हा तिची नजर त्यांच्या दुसऱ्या हाताकडे गेली. त्याची बोटे मांडीवर हळूहळू आपटत होती. एक-दोन-तीन-चार.

संध्याकाळी जॉब चिखलाने माखून दारात आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "झोपेत गेली. काही कळलं नाही तिला." एवढे खोटे बोलायची ताकद तिच्यात कुठून आली देव जाणे. दफनानंतरच्या सोमवारी धुण्यात पाद्रीबाबांचा शर्ट आला, त्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत पेन्सिलीने काळ्या झाल्या होत्या. डाग निघेनात म्हणून तिला दोनदा राखेचे पाणी करावे लागले.

नाताळात गीत आले. शीर्षक होते 'बालकाचे प्रयाण'. सरळ चालीत, सगळ्या चर्चने उभे राहून म्हटले:

*ओठांवरती हसू राहिले, मिटले डोळे सांजेला,*
*माय म्हणाली, नको आसवे, तुझेच होते, ने त्याला.*

कुणाचे नाव नव्हते. नावाची गरजही नव्हती. सगळ्या माना केझायाकडे वळल्या. ती पुस्तक धरून उभी होती आणि तिच्या हातात पुस्तक उलटे होते.

एवढ्यावर भागले असते तर तिने गिळले असते. पण गीत मँचेस्टरच्या एका धार्मिक मासिकात छापून आले. उंदरांचा कवी रातोरात माणसांचा कवी झाला. कुणाकुणाची पत्रे येऊ लागली, पोर गमावलेल्या आया लिहीत की तुमच्या ओळींनी आम्हाला जगवले. वसंत लागताच बग्ग्या येऊ लागल्या. काळे रेशीम घातलेल्या बायका फीबीच्या कबरीपाशी उभ्या राहत आणि विचारत, "ती आई कोणती? अजून आहे का ती?" मग पाद्रीबाबा त्यांना धुण्याच्या खोलीच्या दारापर्यंत आणत. बायका साबणाच्या वाफेत उभ्या राहून तिच्याकडे बघत, आणि एखादी तिचा ओला हात हातात घेऊन म्हणे, "धन्य आहे हो तुमची!"

गावातल्या बायकांचे वेगळे होते. विहिरीवर मार्था ऑलसॉप मोठ्याने म्हणाली, "आम्ही बाई अडाणी. चार पुरली, चारही वेळा गुरासारख्या ओरडलो. आम्हाला कुठली एवढी भक्ती! केझायाला विचारा गं, पोर असं हसत हसत द्यायचं कसं ते."

"मार्थामावशी, तुला माहीत आहे मी..."

"मला काय माहीत? मी थोडीच होते तिथं? पाद्रीबाबा होते. आणि ते काय खोटं लिहितील?"

ज्याचे जळते त्याला कळते म्हणतात. इथे जिचे जळत होते तिच्या नावावर दुसऱ्यानेच लिहून दिले होते की जळत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही दर रविवारी. केझायाला एकच गोष्ट हवी होती. जे ती म्हणाली नाही ते तिच्या तोंडून काढून टाकावे. गीत राहू दे, बग्ग्या राहू देत, ते दोन शब्द तेवढे जाऊ देत.

पुढच्या सोमवारी ती ओल्या हातांनीच पाद्रीबाबांच्या खोलीत गेली.

"बाबा, मी असं म्हणाले नव्हते."

"काय म्हणाली नव्हतीस, केझाया?"

"ने त्याला, असं. मी नको म्हणत होते. तुम्ही होतात तिथं."

पाद्रीबाबांनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होते. "तुझं तोंड काय म्हणत होतं ते मी ऐकलं. तुझा आत्मा काय म्हणत होता तेही ऐकलं. मी आत्म्याचं लिहिलं."

"माझा आत्मा पण नकोच म्हणत होता."

"तुला आज तसं वाटतंय."

"आणि ती हसत नव्हती बाबा. तिचे दात... तुम्ही बघितलंत ना?"

"केझाया, बस. बस ना. अगं, शेकडो आया आहेत. त्या ही ओळ म्हणतात आणि त्यांना झोप लागते. त्यांची झोप काढून घेऊ मी?"

"मग त्यांनी म्हणावं. त्यांची पोरं त्यांनी द्यावीत. माझ्या तोंडून कशाला?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग मायेने म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. मी प्रयत्न करून बघितला होता. तो शब्द बदलला की मात्रा मोडते. ओळच उभी राहत नाही. नाइलाज आहे माझा."

मात्रा म्हणजे काय हे तिला माहीत नव्हते. पण ती मोडता येत नाही आणि केझाया मोडता येते, एवढे तिला समजले.

मग राहिला जॉब. त्या संध्याकाळी तो चुलीपाशी बसून व्हायोलिनच्या गजाला राळ लावत होता.

"ते गीत माडीनं म्हणू नये," ती म्हणाली.

"का?"

"खोटं आहे ते."

जॉबने वर बघितले नाही. "मला बरं वाटतं त्यानं," तो म्हणाला. "खाली खाणीत असलो ना, की ती पहिली ओळ घोळवतो. ओठांवरती हसू. मी नव्हतो गं तिथं. तेवढंच एक आहे माझ्याकडं."

तिथे थांबायला हवे होते. शहाणी बाई थांबली असती. पण केझायाचा तोल गेला होता, आणि तोल गेलेल्या माणसाला ज्याच्यावर कोसळायचे तोच सर्वांत जवळचा असतो. तिने त्याला सगळे सांगितले. करवतीचा आवाज सांगितला, निळे ओठ सांगितले, मानेवरचे नखांचे व्रण कॉलर सोडून दाखवले. "झोपेत नाही गेली जॉब. माझ्याकडं बघत गेली. मी काहीतरी करीन म्हणून बघत होती." जॉबच्या हातातली राळ खाली पडून फुटली. तो तिथेच बसून राहिला, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटत नव्हता. तिला त्याची दया आली, आणि खरे सांगायचे तर बरेही वाटले. आता ती एकटी नव्हती.

ईस्टरच्या रविवारी चर्च भरले होते. पाद्रीबाबांनी गीताचे नाव सांगितले. माडीवर जॉबने गज उचलला, आणि सूर लागताच जुन्या माणसांनी चमकून वर बघितले. ती सरळ चाल नव्हती. पळती होती. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरी पोरींनी उचलली:

"माय म्हणाली, नको—"

तिथेच तुकडा पडला. मागून बायका पळत आल्या, "माय म्हणाली, नको—", त्यांच्या शेपटीवर तरुण, "माय म्हणाली, नको—", आणि सगळ्यांच्या खालून, जमिनीतून यावा तसा जॉबचा आणि त्याच्या बरोबरच्या खाणकऱ्यांचा खर्ज, "नको— नको— माय म्हणाली, नको—". आसवांपर्यंत कुणी पोचतच नव्हते. भिंती, खिडक्या, छप्पर, सगळीकडून तो एकच शब्द आदळत होता. एक-दोन जण हसले, मग गप्प झाले. मार्था ऑलसॉपचा हात तोंडावर गेला. केझाया बाकाला धरून उभी होती. त्या दुपारी ती एकटी ओरडली होती आणि कुणी ऐकले नव्हते. आता अख्खे गाव तिच्या गळ्याने ओरडत होते. फीबी गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. मार्था बाक ओलांडून तिच्याजवळ आली आणि तिने तिला धरले.

गोष्ट इथे संपवता आली असती. पाद्रीबाबा कवी नसते तर संपलीही असती.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः धुण्याच्या खोलीत आले. केझाया मनाची तयारी करून उभी होती. रागावतील, काम काढून घेतील, घेऊ देत. पण ते रागावलेले नव्हते. त्यांचा चेहरा पहिल्या प्रेमात पडलेल्या पोरासारखा झाला होता.

"काल रात्रभर झोप नाही मला," ते म्हणाले. "केझाया, चूक माझी होती."

तिच्या हातातला पिळा सुटला. "बाबा..."

"पळत्या चालींना मी उगाच नावं ठेवत होतो. केवढी ताकद आहे त्या चालीत! दोष तिचा नाहीच, दोष ओळीचा. ओळ अशी हवी की कुठंही कापली तरी तिचा अर्थ शाबूत राहिला पाहिजे. आणि बघ, सकाळी एकदम सुचलं." त्यांनी बाही पुढे केली. तिला ते वाचता येत नाही हे आठवून त्यांनी म्हणून दाखवले, आणि बोटे धुण्याच्या टेबलावर ताल धरू लागली:

*माय म्हणाली, घे रे देवा, तुझेच होते, ने त्याला.*

"आता कापू दे तुझ्या जॉबला कुठंही!" ते आनंदाने म्हणाले.

केझाया त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "बाबा," ती म्हणाली, "शब्द बदलला की मात्रा मोडते म्हणाला होतात."

"तेच तर!" पाद्रीबाबा म्हणाले. "नाही मोडली!"

ईस्टरपासून चाळीसाव्या दिवशी, स्वर्गारोहणाच्या सणाला, हॉक्सलोत विहिरी सजवतात. मोठ्या फळीवर ओली माती थापायची आणि तिच्यात फुलांच्या पाकळ्या, शेवाळ, बिया दाबून चित्र काढायचे, ते विहिरीवर उभे करायचे, आणि सगळ्या गावाने गात तिथे जायचे. दर वर्षी बायबलातला एखादा प्रसंग असे. यंदा पाद्रीबाबांनी चित्र ठरवून दिले: एक आई दोन्ही हातांनी आपले बाळ देवदूताला देते आहे. खाली ओळ, निळ्या पाकळ्यांत. मँचेस्टरहून बिशपची बहीण येणार होती. तिने चर्चला ऑर्गन देऊ केला होता. ऑर्गन आला की माडीचे काय होते हे शेजारच्या गावांत सगळ्यांनी बघितले होते. तिथली व्हायोलिने कोंबड्यांच्या खुराड्यावर लटकत होती.

"मी तिला ऑर्गन नको म्हणून सांगतो," पाद्रीबाबा जॉबला म्हणाले. "माडी राहील. तुझ्यानंतरही राहील. फक्त त्या दिवशी नवी ओळ पळत्या चालीत म्हणा. तशीच, ईस्टरला म्हटलीत तशी."

जॉबने हे घरी सांगितले तेव्हा तो दाराकडे तोंड करून उभा होता.

"तू काय म्हणालास?" केझायाने विचारले.

"मी एकटा नाही गं. पंधरा माणसं आहेत. बापाचं वाद्य आहे."

"तू काय म्हणालास, जॉब?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

"घे रे म्हणशील? तू? तुला माहीत असून?"

तो जोरात वळला. "माहीत नव्हतं तेव्हा बरा होतो मी! कुणी सांग म्हटलं होतं तुला? तेवढं एक होतं माझ्याकडं, तेही तू काढून घेतलंस. आता हेही काढून घे!" त्याने व्हायोलिनवर हात आपटला. तारा बराच वेळ घुमत राहिल्या.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते तिला कधी विसरता आले नाही.

तो दिवस लख्ख उजाडला. विहिरीवर चित्र उभे होते. आईचा चेहरा गुलाबाच्या पाकळ्यांचा होता, ओठ लाल पाकळ्यांचे, आणि ती हसत होती. देवदूताचे पंख मार्था ऑलसॉपने केले होते. "हात रिकामे कसे ठेवू बाई, दर वर्षी करते," ती केझायाची नजर चुकवत म्हणाली. पाद्रीबाबांनी केझायाला पुढे, बिशपच्या बहिणीच्या शेजारी उभे केले. त्या बाईंच्या काळ्या रेशमाला कापराचा वास येत होता.

पोरींनी सुरुवात केली. फीबीच्या वयाच्या होत्या, दोघी तर तिच्या मैत्रिणी. "माय म्हणाली, घे रे—" हसऱ्या तोंडांनी, शाळेतला धडा म्हणावा तसे. मागून बायका, "माय म्हणाली, घे रे—". मग तरुण, "घे रे— घे रे—". केझाया जॉबकडे बघत होती. अजून खर्ज यायचा होता. तिने मनात एकच म्हटले: तू म्हणू नकोस. सगळ्या जगाने म्हटले तरी चालेल, तू म्हणू नकोस. जॉब तारांकडे बघत होता. मान वर केली असती तर त्याला ती दिसली असती. त्याने मान वर केली नाही. त्याने तोंड उघडले.

"माय म्हणाली, घे रे—"

"नको!"

केझायाच्या पोटातून तो शब्द फाटत बाहेर आला. मानेवरचे व्रण लाल झाले. "नको! नको!"

पण पळत्या चालीची गंमत अशी असते की तिच्यात कुठूनही कुणी आले तरी ते मागून पळत आलेलेच वाटते. खर्जाने श्वास घ्यायला जिथे क्षणभर सूर सोडला होता, नेमका तिथे तिचा शब्द पडला. चाल थांबली नाही. पोरींना वाटले केझायाकाकू पण गाते आहे, त्या आणखी जोराने म्हणू लागल्या, घे रे, घे रे. बिशपच्या बहिणीने तिचा हात घट्ट धरला. तिच्या गालांवरून आसवे वाहत होती. "अप्रतिम!" ती कुजबुजली. "आईचं मन आणि देवाची आज्ञा! हे कुणाला सुचलं?"

केझायाने तोंड मिटले. पलीकडे पाद्रीबाबा उभे होते, डोळे मिटलेले, मान किंचित तिरकी. त्यांची बोटे मांडीवर चालली होती.

माडी राहिली. ऑर्गन पलीकडच्या गावाला गेला. जॉब रोज व्हायोलिन पुसतो, आणि चुलीपाशी बसला की बायकोकडे पाठ करून बसतो.

सोमवारी धुण्याचे पाणी उकळत होते तेव्हा पाद्रीबाबा आत आले. बाह्या काळ्या. कितीतरी वर्षांत ते इतके तरुण दिसले नव्हते.

"केझाया, लंडनला छापतायत आपलं गीत. सुरांसकट. मी प्रकाशकाला लिहिलं, त्यात एक सुटा आवाज घालायचा. बाईचा. सगळे 'घे रे' म्हणतात आणि ती एकटी म्हणते... ते तू म्हणालीस ते. तुझ्यामुळं गीत पुरं झालं बघ. पुढच्या वर्षी विहिरीवर म्हणशील ना पुन्हा?"

ती शर्ट पिळत होती. पिळतच राहिली, पाणी निघायचे थांबले तरी. मग तिने मान वर केली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"नको."

"हां, हेच!" पाद्रीबाबांचा चेहरा उजळला. "अगदी हेच. फक्त अर्धी मात्रा आधी."